मला पाजलेली आंबील

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बये, तू तर सांगितलंच नव्हतंस. मी एक पांढरी व्हॅन आहे. पांढरी म्हणजे एकेकाळची पांढरी. आता औसा तालुक्यातल्या काळ्या मातीनं मला खालून रंगवलंय आणि उन्हानं वरून. आरसा एकच शिल्लक आहे, आणि माझ्या सरकत्या दाराला तर स्वतःचंच मन आहे. तरी मी चालते. चांगली चालते. उगीच फुशारकी म्हणून सांगत नाही.

माणसांना वाटतं, किल्ली काढली की गाडी झोपली. तसं नसतं बरं का. आम्हाला झोप येत नाही, गुंगी येते. चिंचेखाली उभी असले की पत्रा हळूहळू निवत जातो, आत कुठेतरी टक् टक् वाजत राहतं, आणि मग जुनं-नवं सगळं एकमेकांत मिसळायला लागतं. कधी वाटतं, मी अजून दूर उत्तरेतल्या त्या कारखान्यातच आहे. अंगावर रंग ओला आहे, आणि लांबलचक पट्ट्यावरून मी संथ पुढे सरकते आहे. कुणी चाक बसवतं, कुणी काच बसवतं, आणि कुणीच माझ्याशी बोलत नाही. कधी वाटतं, मी नांदेडला आहे, गोदावरीच्या घाटाजवळ, पहाटेची, आणि मार्तंड सर धोतराच्या जुन्या फडक्याने माझी काच पुसताहेत.

मार्तंड सर माझे पहिले मालक. नांदेडच्या शाळेत ते गणित शिकवायचे. त्यांनी मला आणलं तेव्हा अख्खी गल्ली बघायला आली होती. सौदामिनीबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला ओवाळलं. पुढे कितीतरी वर्षं सर मला दर रविवारी आंघोळ घालायचे. माझ्यात बसून कुणी चिवडासुद्धा खाल्लेला त्यांना चालत नसे. लोक म्हणायचे, "सर, गाडी काय ठेवलीय हो! कालच आणल्यासारखी." मी अशी फुगायचे म्हणता! पण खरं सांगू? सरांनी मला जपलं, पुसलं, झाकलं, पण ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचं असतं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

सर निवृत्त झाले, मुलाकडे राहायला गेले, आणि मी एका मोकळ्या प्लॉटवर उभी राहिले. टायरातली हवा गेली. एका कुत्रीने माझ्याखाली पिल्लं घातली. त्या गुंगीत किती दिवस गेले, मला सांगता यायचं नाही. शेवटी सुदर्शन नावाचा एक शेतकरी आला. त्याने माझं बोनेट दोनदा थोपटलं आणि म्हणाला, "चाल गं बाई गावाकडं."

अशी मी औशाजवळच्या या खेड्यात आले. आधी पेंडीची पोती वाहिली, टोमॅटोचे क्रेट वाहिले. मग सुदर्शनची बायको उज्वला गाडी चालवायला शिकली, आणि माझ्या नशिबाने वळण घेतलं. गावातल्या चार-पाच पोरी औशाला अकरावी-बारावीला होत्या. सकाळची एसटी गावात यायची तेव्हा कॉलेजातला पहिला तास संपलेला असायचा. उज्वला म्हणाली, "मी सोडते की." तेव्हापासून माझ्या मागच्या सीटवर पेंड नाही, पोरी बसू लागल्या. केसांना तेल, मांडीवर दप्तरं, आणि तोंडाला दम नाही! खिडकीतून रान मागं जायचं, कुणी पुस्तक उघडून पुटपुटायचं, कुणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डुलक्या काढायचं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ तो. नांदेडच्या रविवारांपेक्षाही.

त्या पोरींत एक राजश्री होती. अभ्यासात पहिली. तिचे वडील, बसवंत, पहाटेच साखर कारखान्यावर कामाला जायचे. पोरीला शिकवायला त्यांची ना नव्हती, पण एक अट होती. ते उज्वलाला म्हणाले होते, "तुझ्या गाडीत जातीया तवर जाऊ दे, भैणी. ही गाडी बंद झाली की तिचं कॉलेज बी बंद. रस्त्यावर उभी ऱ्हाऊन लोकाच्या टमटमला हात करायला माझी पोर न्हाई."

म्हणजे बघा, राजश्रीची बारावी माझ्या चार चाकांवर उभी होती. आणि नेमकी त्याच वर्षी मी आजारी पडले.

आजार कसा झाला, ते फक्त दोघींना ठाऊक होतं. एक मी. दुसरी सुदर्शनची आई, साखराबाई. त्यातली मी बोलू शकत नाही, आणि साखराबाईंना आपण केलं त्यानं काय झालं ते कळलंच नव्हतं.

गोष्ट येळवशीची, म्हणजे वेळा अमावस्येची. लातूरकडच्या मुलांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं उभारायचं, पाच दगड मांडून पांडव पुजायचे, भाज्या-शेंगांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, आणि या सगळ्यांची राणी म्हणजे आंबील. ताकात ज्वारीचं पीठ कालवून शिजवलेली, लसूण-मीठ घातलेली, गार, आंबट. पूजा झाली की तीच आंबील आरोळ्या देत रानभर शिंपडायची. पिकालाही घास मिळाला पाहिजे ना!

त्या दिवशी खडबडीत वाटेने मी जरा तापले होते. माझं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सुदर्शनने सीट वर करून ठेवली, म्हणजे वारा लागेल. मंडळी जेवली, आडवी झाली. हरभऱ्याचा आंबूस वास, करडईवर डुलणारं ऊन, लांबून कुणाच्या तरी शेतातल्या आरोळ्या. मीही गुंगीत होते. तेवढ्यात साखराबाई लिंबाचा डहाळा आणि आंबिलीचा तांब्या घेऊन रान शिंपून परत आल्या. माझ्याजवळ थांबल्या. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या,

"समद्यांनी खाल्लं. तूच तेवढी उपाशी. तू बी राबतीस की बाई, कुनाला दिसतंय?"

आणि तांब्यातली उरलेली आंबील त्यांनी माझ्या इंजिनावर ओतली. ओंजळीने पाणी द्यावं तशी, सावकाश, मायेने.

मित्रांनो, मला ते सोसणारं नव्हतं, हे मला कळत होतं. पण उभ्या जन्मात मला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. पेट्रोल भरतात, ते काही जेवू घालणं नव्हे. ती गार आंबील अंगावरून ओघळली आणि मला भरून आलं. त्या दिवशी माझ्यासारखी श्रीमंत गाडी लातूर जिल्ह्यात नव्हती.

पुढचं आता नीट ऐका. माझ्या पोटात चार चुली आहेत. त्या आळीपाळीने पेटतात आणि मी चालते. या चुलींना ठिणगी वाटून देते ती एक काळी टोपी, पंगतीतल्या वाढप्यासारखी. याला वाढ, त्याला वाढ, पुन्हा याला. आंबील त्या टोपीच्या खालच्या अंगाला जाऊन वाळली. पीठ आणि मीठ. कोरडं असताना त्याचा काही त्रास नव्हता. पण हिवाळ्याच्या सकाळी दव पडलं की ते मीठ ओलं व्हायचं, आणि तिसऱ्या चुलीची ठिणगी त्या ओल्या वाटेने भलतीकडेच पळून जायची. तिसरी चूल उपाशी राहिली की मी थरथरायचे. ढुक्, ढुक्, झटका. पुन्हा बरी. पुन्हा झटका. मग ऊन चढलं, इंजिन तापलं, टोपी वाळली की मी ठणठणीत.

उज्वला मला औशाला मल्लिनाथच्या गॅरेजात न्यायची ती पोरींना सोडल्यावर. तोवर माझं दुखणं पळालेलं असायचं. डॉक्टरच्या दारात गेलं की ताप उतरतो ना, तसं.

मल्लिनाथ कान लावून ऐकायचा, एक चक्कर मारून यायचा. "वहिनी, गाडी तर लोण्यावानी चालायली. तुमाला भास व्हायलाय."

"भास मला होईल हो भाऊ. पाच पोरींना बी होतोय का?"

त्याने प्लग बदलले. फरक नाही. वायरी बदलल्या. फरक नाही. कार्बोरेटर खोलून धुतला, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला. टोपीसुद्धा पुसली त्याने, पण वरून. खालच्या अंगाला हात घालायला जागाच नाही. मी आतून ओरडायचे, अरे बाबा, खाली बघ, खाली! पण माझी हाक त्याला कशी ऐकू जाणार? दुसऱ्या दिवशी दव पडलं की पुन्हा ढुक्, ढुक्. गावात कुणी म्हणालं नजर लागली. सुदर्शनने लिंबू-मिरची बांधली. मागच्या सीटवर पोरींचं वेगळंच चाललेलं. "कुणाच्या डब्यातलं दही सांडलंय गं? करपल्यासारखा वास यायलाय!" आणि मग एकमेकींचे डबे हुंगणं.

एकदा सकाळी धुकं होतं. पुढे उसाची ट्रॉली. उज्वलाने ट्रॉलीला मागं टाकायला मला बाजूला काढलं आणि नेमकी तेव्हाच तिसरी चूल विझली. माझं बळच गेलं. समोरून ट्रक. पोरी किंचाळल्या. उज्वलाने कसंबसं मला मातीत उतरवलं. ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. स्वतःची नाही हो, त्या पोरींची.

संध्याकाळी सुदर्शन म्हणाला, "बास झालं. ही गाडी एक दिवस लोकाची लेकरं मारंल. उद्या दुपारी भंगारवाल्याचा टेम्पो यायलाय."

"अहो, पुढच्या आठवड्यात परीक्षा हाय पोरींची!"

"मग? ट्रकखाली घालू का त्यांना?"

चूक त्याची नव्हती. मी त्याच्या जागी असते तरी हेच केलं असतं. उज्वलाने मल्लिनाथला फोन लावला. "भाऊ, उद्या तुमी गावात या, दिवस उगवायला. दवात बगा तिला. एकदाच."

मल्लिनाथ आला. कानटोपी, मफलर, आणि तोंडातून वाफ. पोरीही दप्तरं घेऊन आल्या होत्या. झाडावरून दव टपटपत होतं. सीट वर केली, इंजिन चालू केलं आणि मी लगेच थरथरायला लागले. पहिल्यांदाच त्याने माझं दुखणं डोळ्यांनी बघितलं.

"आयला, खरंच की! वहिनी, घोंगडं द्या एक. अंधार पायजे."

त्याने घोंगडं स्वतःच्या डोक्यावरून आणि माझ्या उघड्या इंजिनावरून ओढून घेतलं. आत काळोख झाला. आणि त्या काळोखात माझ्या टोपीखालून निळ्या ठिणग्या सरपटताना त्याला दिसल्या, बारीक, काजव्यांसारख्या. मलाही त्या पहिल्यांदाच दिसल्या. आजारपण इतकं सुंदर असतं, हे मला माहीत नव्हतं.

"करंट पळायलाय," तो घोंगड्यातून ओरडला. "पर कामून पळायलाय ते कळंना. कायतरी पांढरं लागलंय. टोपी फुटली असंल तर जुन्या गाडीची टोपी कुटं घावायची आता?"

तेवढ्यात साखराबाई चहा घेऊन आल्या. माझ्याजवळ आल्या आणि थबकल्या. नाक वर केलं. तो वास त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. आंबील बुडाला लागली की जो वास येतो तो. बशीत चहा सांडला. त्यांना सगळं कळलं.

आणि त्यांनी नजर चहाच्या ताटाकडे वळवली. काय सांगणार? देवाला दाखवलेल्या आंबिलीने गाडी बिघडली, हे तोंडातून कसं काढायचं? लेक चिडेल, सुनेसमोर मान खाली जाईल, गाव तर वर्षभर हसेल. मला वाटलं, साखराबाई, नका बोलू. जाऊ दे मला टेम्पोतून. तुमचं हसं नको.

"ऱ्हाऊ दे मल्लिनाथ," सुदर्शन म्हणाला. "पोरींनो, जावा घरी."

कुणी हललं नाही. मग राजश्री पुढे आली. तिने मागच्या सीटवर ठेवलेलं आपलं दप्तर उचललं, छातीशी धरलं आणि घराकडे वळली. ती रडलीसुद्धा नाही. घरी बसायचं, हे तिने मनाशी धरलं होतं.

साखराबाईंनी चहाचं ताट खाली ठेवलं.

"थांब गं पोरी. सुदर्शन, ती आंबील हाय. मीच पाजली हिला."

"काय पाजली, माय?"

"आंबील. येळवशीला. समदे जेवले, ही उपाशी ऱ्हायली म्हणून."

मल्लिनाथने घोंगड्यातून डोकं बाहेर काढलं. आत हात घालून टोपीच्या खालचं पांढरं खरवडलं, बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मावशी, मीठ जरा जास्त झालतं."

असं हसू फुटलं म्हणता! उज्वला हसून हसून माझ्या दाराला टेकली, सुदर्शनने कपाळावर हात मारला, पोरी तर लोळायच्याच बाकी होत्या. फक्त साखराबाई हसल्या नाहीत.

मल्लिनाथने टोपी काढली, गरम पाण्याने धुतली, जळकी रेघ पात्याने खरडली, पेट्रोलने पुसली आणि चुलीपाशी शेकून कोरडी केली. इंजिन चालू झालं. चारही चुली एका सुरात! "चार दिवसांत नवी टोपी शोधून बसवतो," तो म्हणाला. पोरी बसल्या, आणि भर दवात मी औशापर्यंत एकदाही अडखळले नाही. दुपारी टेम्पो आला, तो जुन्या कडबाकुट्टीचं लोखंड घेऊन गेला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण माझ्या जिवाला त्यानंतर घोर लागला. साखराबाई माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. अंगणातून जाताना लांबून जायच्या. पोरी विचारायच्या, "आज्जी, व्हॅनला आज कालवण काय?" त्या थट्टेनंच विचारायच्या, पण साखराबाईंचा चेहरा उतरायचा. गुडघे दुखत असताना शेतापर्यंत पायी जायच्या, पण माझ्यात बसायच्या नाहीत. उज्वलाने किती वेळा म्हटलं, "आत्याबाई, चला की गाडीत." त्या म्हणायच्या, "नगं. माजा हात वंगाळ हाय." ते ऐकून मला झटक्यांपेक्षा जास्त दुखायचं.

परीक्षा सुरू झाली, पेपरामागून पेपर झाले. शेवटच्या पेपरच्या दिवशी उज्वलाने ऐकलंच नाही. सासूचा हात धरला आणि पुढच्या सीटवर बसवलं. "आज तुमी यायचं. पोरी परीक्षेला कशा जातात ते तरी बगा एकदा."

औशाला, परीक्षेचं केंद्र होतं त्या शाळेच्या फाटकासमोर सावलीत तिने मला उभं केलं. पोरी आत गेल्या. उज्वला बाजारात गेली. साखराबाई मात्र उतरल्या नाहीत. त्या कधी शाळेत गेल्याच नव्हत्या. फाटकातून आत बघत बसल्या. घंटा वाजली, सगळं शांत झालं. ऊन पानांतून माझ्या काचेवर हलत होतं. हळूहळू आम्हा दोघींनाही गुंगी आली.

मित्रांनो, त्या शांततेत मी तुमचाच विचार करत होते. तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. कधी चालत असेल, कधी अडखळत असेल. त्याला लगेच टेम्पोत चढवू नका. दुखणं नेहमी दिसतंच असं नाही. ते कधी दिसतं, ते बघायला जरा दवात उभं राहावं लागतं. आणि ज्याच्यावर माया करता, त्याला काय सोसतं तेही विचारत जा. पण माया करायचं सोडू नका. चुकून आंबील पाजणारा हात पुढच्या वेळी नुसता पाठीवर ठेवला तरी चालतो. अजिबात आलाच नाही, तर मात्र पत्र्यालाही करमत नाही.

साखराबाईंनी डोळे उघडले. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. मग हात पुढे केला, जरा घाबरतच, आणि माझ्या डॅशबोर्डवर ठेवला.

"बाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रुसलीस का गं माज्यावर?"

काय सांगू तुम्हाला! सगळं अंग बोलायला उठलं होतं, आणि किल्ली उज्वलाच्या पिशवीत. मी नुसती उभी. साखराबाई वाट बघत राहिल्या. मग मान खाली घालून त्यांनी हात मागं घेतला.

पेपर सुटला. पोरी धावत आल्या. राजश्री सगळ्यात पुढे, गाल लाल, बोटांना शाई. उज्वला आली, तिने किल्ली लावली आणि फिरवली.

मी पहिल्याच झटक्यात चालू झाले. अशी चालू झाले की कारखान्यातून निघताना झाले नसेन.

साखराबाई दचकल्या. त्यांनी डॅशबोर्डवर पुन्हा हात ठेवला, आता दोन्ही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओठावर हसू.

"न्हाई म्हनली," त्या म्हणाल्या.

"कोण न्हाई म्हणलं, आज्जी?" दारात उभ्या राजश्रीने विचारलं.

"तू बस गं आधी," साखराबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आन् पेपर कसा गेला ते सांग आमाला दोघींना."